नवा लोअर आर्म सहा महिन्यांत का जातो?

जुलै उजाडला की वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर खड्ड्यांचे फोटो यायला लागतात. मुंबई-गोवा महामार्ग, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, आणि आपापल्या शहरातला तो एक चौक जो दरवर्षी फोटोत असतोच. बातमीत कंत्राटदार असतो, महापालिका असते, दुचाकीवरून पडलेला माणूस असतो. पण त्याच खड्ड्यांतून शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या, भाजीचे क्रेट वाहणाऱ्या, रुग्णाला घेऊन धावणाऱ्या व्हॅनच्या पुढच्या चाकांचं काय होतं, ते बातमीत येत नाही. ते गॅरेजात कळतं, साधारण दसऱ्याच्या सुमारास.

तक्रार ठरलेली असते: समोरून खट-खट आवाज येतो, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक खाली वाकून बघतो आणि सांगतो, ‘लोअर आर्म गेलाय,’ म्हणजे पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी भाग. आर्म बदलला जातो, आवाज थांबतो. आणि होळीच्या आसपास पुन्हा तोच आवाज. मग दोष जातो पार्टला: माल ड्युप्लिकेट निघाला. कधी तो खरंच तसा असतो. पण अनेकदा माल चांगला असतो, मेकॅनिकचा हातही चांगला असतो, आणि चूक होते ती बोल्ट कसण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत. ती चूक नेमकी काय आहे आणि गाडीमालकाने ती कशी टाळायची, हे समजून घेण्यासाठी चाकापासून सुरुवात करावी लागेल.

उदाहरणादाखल आपल्याकडची सगळ्यात ओळखीची व्हॅन घेऊ. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ‘ओम्नी’ म्हणून घराघरांत पोहोचली आणि २०१९ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये आलेली ईको आजही विकली जाते. शाळेची व्हॅन, छोटी ॲम्ब्युलन्स, कुरिअरची गाडी, पाण्याच्या जारची गाडी: या दोघींनी महाराष्ट्रातली अर्धी छोटी कामं अंगावर घेतली आहेत. दोघींच्याही पुढच्या चाकांची रचना मूळ तत्त्वाने सारखी आहे.

चाकाला जागेवर कोण धरतं?

पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन गोष्टी करायच्या असतात. स्वतःभोवती फिरायचं, स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळायचं आणि रस्त्यानुसार वर-खाली व्हायचं. एवढं करताना त्याने पुढे-मागे किंवा आत-बाहेर अजिबात सरकायचं नाही. वर-खाली जाऊ द्या पण बाकी कुठे सरकू देऊ नका, हे काम सस्पेंशनचं.

ज्या लोखंडी भागावर चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो मधला भाग, बसतो त्याला नकल म्हणतात. नकलचं वरचं टोक शॉकॲब्सॉर्बरच्या नळीला घट्ट जोडलेलं असतं. स्प्रिंगही त्याच नळीवर असते आणि नळीचं वरचं टोक गाडीच्या बॉडीत अडकवलेलं असतं. या जोडगोळीला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. आधी जनरल मोटर्समध्ये आणि मग फोर्डमध्ये. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनंतर ती जगभर पसरली. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच आहे.

तिचा मोठा गुण म्हणजे काटकसर. आधीच्या रचनेत चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन आर्म लागायचे. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला, ते काम स्ट्रटकडे दिलं. जागा वाचली, खर्च वाचला. पण याचा अर्थ असाही झाला की खालच्या बाजूला चाकाला धरून ठेवायला एकच आर्म उरला. तो म्हणजे लोअर आर्म, ज्याला पुस्तकात कंट्रोल आर्म म्हणतात.

हा आर्म सहसा पत्र्याचा दाबून बनवलेला किंवा ओतीव लोखंडाचा असतो. आतल्या बाजूला तो चेसिसला दोन ठिकाणी बोल्टांनी जोडलेला असतो आणि बाहेरच्या टोकाला नकलला. काही गाड्यांत आर्म सरळ काठीसारखा असतो आणि पुढे-मागे धरायला वेगळा रॉड दिलेला असतो, पण काम तेच. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. वाटीत बसवलेला लोखंडी गोळा, त्यामुळे चाक वळूही शकतं आणि वर-खालीही होऊ शकतं. आतल्या दोन टोकांना रबरी बुश असतात.

या आर्मवर किती ताण येतो ते एका हिशेबाने बघू. समजा प्रवाशांसह व्हॅनचं वजन १,४०० किलो आहे आणि चालकाने जोरात ब्रेक मारला. रस्ता चांगला असेल तर गाडीला थांबवणारं बल वजनाच्या ७० टक्क्यांपर्यंत सहज जातं, म्हणजे सुमारे ९८० किलो. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणजे एका चाकाला जमीन मागे ओढते ती जवळपास ३४० किलोंच्या जोराने. बॉल जॉइंट जमिनीपासून वर असल्यामुळे आर्मपर्यंत पोहोचताना हा जोर आणखी वाढतो. आणि तो पेलणारे आतले दोन बुश मुठीत मावतील एवढे.

रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

बुश म्हणजे एक लोखंडी नळी, तिच्याभोवती जाड रबर, आणि बहुतेक बुशांत त्या रबराभोवती आणखी एक मोठी नळी. रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो कसला की ती नळी चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये आवळली जाते. इतकी घट्ट की ती नंतर तसूभरही फिरत नाही, आणि तिने फिरायचंही नसतं.

मग आर्म वर-खाली कसा होतो? अनेकांना वाटतं की बुश बोल्टाभोवती बिजागरीसारखा फिरतो. तसं होत नाही. आतली नळी स्थिर राहते, बाहेरची नळी आर्मबरोबर हलते आणि मधलं रबर पिळलं जातं. खड्डा गेला की रबर आपल्या मूळ आकारात परत येतं. म्हणूनच या जागी ग्रीस लागत नाही, बेअरिंग लागत नाही आणि वर्षानुवर्षं देखभालही लागत नाही.

आता प्रश्न असा की रबराचा ‘मूळ आकार’ कोणता? तर बोल्ट कसताना आर्म ज्या कोनात होता, तोच. बोल्ट कसला जातो त्या क्षणी रबराची विश्रांतीची स्थिती कायमची ठरते.

गाडी जॅकवर असताना चाक लटकतं आणि आर्म खाली झुकलेला असतो. समजा आर्मची लांबी ३० सेंटीमीटर आहे आणि लटकलेलं चाक नेहमीच्या जागेपेक्षा ८ सेंटीमीटर खाली गेलंय. म्हणजे आर्म सुमारे १५ अंशांनी खाली वळलेला आहे. मेकॅनिकने याच अवस्थेत बोल्ट पूर्ण कसले, तर रबराला ही लटकलेली स्थिती ‘सरळ’ वाटते. गाडी खाली उतरवली की रबर १५ अंश पिळलं जातं आणि गाडी नुसती उभी असतानाही तसंच राहतं. रात्रभर, रविवारी, सुट्टीतही. त्यात खड्डा आला आणि चाक आणखी ८ सेंटीमीटर वर गेलं की पीळ ३० अंशांवर जातो. बोल्ट योग्य स्थितीत कसले असते तर तोच खड्डा रबराने १५ अंशांत निभावला असता.

हे अनुभवायचं असेल तर मान पूर्ण उजवीकडे वळवा आणि तशीच ठेवून आणखी थोडं उजवीकडे बघायचा प्रयत्न करा. सरळ मानेने जे सहज जमलं असतं, त्याला आता ताण पडतो. बुशला दिवसभर असंच जगावं लागतं. काही महिन्यांत रबर कडेला फाटतं, मग नळीपासून सुटतं आणि लोखंड लोखंडावर आपटायला लागतं. नव्या आर्मचा खट-खट आवाज बऱ्याचदा इथून येतो.

आवाज आर्मचाच कशावरून?

आर्म बदलण्याआधी खात्री करायलाच हवी, कारण पुढून येणाऱ्या आवाजाला अनेक उगम असतात. गाडी वळणावर एका बाजूला झुकू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा एक वाकवलेला दांडा बहुतेक गाड्यांत असतो, त्याचे लिंक रॉड आणि रबर झिजले की छोट्या-छोट्या खड्ड्यांवर टक-टक होते. हा भाग आर्मपेक्षा बराच स्वस्त आहे, म्हणून आधी तो बघावा. स्ट्रटचं वरचं माउंटिंग गेलं तर स्टिअरिंग वळवताना कटकट जाणवते.

आर्मची तपासणी सोपी आहे. चेसिसखाली जॅक लावून चाक लटकू द्यायचं, चाकाला वर आणि खाली हात लावून आत-बाहेर हलवायचं. त्याच वेळी दुसऱ्याने बॉल जॉइंटकडे टॉर्च मारून बघायचं. आर्मचं टोक आणि नकल यांच्यात हालचाल दिसली तर बॉल जॉइंट गेला. हीच हालचाल हबच्या बेअरिंगमुळेही येऊ शकते, म्हणून नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नये, डोळ्याने बघावं. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवल्यावर ढिलं लागत असेल तर संशय आधी टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकावर घ्यावा. बुश तपासायला आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचकावून बघायचं. रबर थोडं दबणं ठीक, पण आर्म खटकन सरकला किंवा रबरात आरपार चीर दिसली तर तो संपला.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मला थोडं कठोरपणे बोलावंसं वाटतं. बुश फाटला तर आवाज येतो, गाडी ओढते, टायर घासतो. त्रास असतो, पण गाडी घरी येते. बॉल जॉइंट वाटीतून निसटला तर चाकाला खालून धरणारं काहीच उरत नाही, चाक कलंडतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. आधी तो सहसा इशारे देतो: रबरी टोपी फाटते, आत पाणी आणि माती जाते, ग्रीस धुऊन जातं, चाकात खेळ, म्हणजे ढिलेपणा, येतो. मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीत यापैकी काहीही दिसलं तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये.

गाडी कशी उभी करायची

आर्म बदलणारा अनुभवी असेल तर एका बाजूला साधारण तास-दोन तास लागतात. गंज असेल तर जास्त. पण पहिलं काम पान्याचं नाही, गाडी स्थिर करण्याचं आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. व्हॅनमधला माल उतरवावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, आणि जॅकने उचलल्यावर चेसिसच्या ठरवलेल्या जागी स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, लावावी. जॅक हे उचलण्याचं साधन आहे, तोलून धरण्याचं नाही. त्याचं तेल हळूहळू उतरतं, सील फाटलं तर एकदम उतरतं. विटा तर कधीच लावू नयेत, त्या न सांगता फुटतात. या कामात पाना जोराने ओढावा लागतो, गाडी हलते, आणि माणूस तिच्या खाली असतो. गॅरेजात घाई असते हे मान्य, पण घोडी लावायला लागणारी दोन मिनिटं कुणीही वाचवू नयेत.

एक गोष्ट आपल्या व्हॅनच्या बाजूने आहे. ओम्नी आणि ईको मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे पुढच्या चाकांत इंजिनकडून येणारा शाफ्ट नसतो. अर्टिगासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आर्म काढताना नकल बाहेर फार ओढला गेला तर शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो. इथे ती धास्ती नाही.

दुसरी गोष्ट मात्र गाडीनुसार बदलते. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग स्ट्रटवर असते, म्हणून खालचा आर्म सोडवला तरी ती उसळून बाहेर येत नाही. काही गाड्यांत मात्र दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. तिथे आर्म सोडवणं म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगचा दरवाजा उघडणं. तिला आधी योग्य साधनाने आवळून धरलं नाही तर जीवावर बेतू शकतं. एका गाडीची पद्धत दुसऱ्या गाडीला लावू नये.

जुना आर्म काढताना

चाक काढल्यावर आर्मला जोडलेल्या बाकीच्या गोष्टी सुट्या करायच्या, मग बॉल जॉइंट, आणि शेवटी आतले बोल्ट. लिहायला हे एका ओळीत येतं, पण वेळ जातो तो इथेच.

बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये दोन पद्धतींनी बसते. एका पद्धतीत दांडी निमुळती असते आणि खालून नट कसून ती भोकात रुतवलेली असते. नट काढला तरी ती सुटत नाही. ती काढायला वेगळं साधन मिळतं. ते नसेल तर नकलच्या कानावर, म्हणजे भोकाच्या बाजूच्या जाड लोखंडावर, हातोड्याचे एक-दोन ठाम घाव घालतात. लोखंड क्षणभर ताणलं जातं आणि दांडी सुटते. दांडीच्या टोकावर मारू नये, आटे बसतात आणि काम अडतं. दुसऱ्या पद्धतीत दांडी सरळ असते, तिला खाच असते आणि नकलमधून आडवा जाणारा बोल्ट त्या खाचेत बसून तिला आवळतो. इथे बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता सैल करून भागत नाही.

आतल्या बोल्टांचा शत्रू गंज. कोकणात आणि गोव्यात, जिथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस दोन्ही आहेत, तिथे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. पाना फिरतो, बोल्टही फिरल्यासारखा वाटतो, पण त्याच्याबरोबर आतलं रबरच फिरत असतं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर फरक पडतो. गॅसच्या ज्योतीने तापवणं शेवटचा उपाय, कारण शेजारी रबर असतं, ब्रेकची नळी असते, आणि सीएनजीची गाडी असेल तर आणखी काय काय असतं हे सांगायला नको. बोल्ट खराब निघाला तर नवाच घ्यावा, आणि त्याच ग्रेडचा घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा साधा बोल्ट दिसायला सारखा असतो, ताकदीने नसतो.

नवा आर्म बसवताना

नवा आर्म जुन्या आर्मशेजारी जमिनीवर ठेवून बघावा. भोकांचं अंतर, वाक, डावा की उजवा. जुना वाकलेला असेल तर तेही इथेच लक्षात येतं. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेला आहेत, हे मूळ आर्मप्रमाणेच असायला हवं, कारण त्यामुळेच बुश एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहतो.

मग आतले बोल्ट घालायचे आणि हातानेच, किंवा पान्याने जेमतेम टेकेपर्यंत फिरवायचे. आर्म वर-खाली सहज हलला पाहिजे. बॉल जॉइंट नकलमध्ये बसवून तो मात्र लगेच, ठरलेल्या मापाने कसायचा. त्याच्यात पिळलं जाणारं रबर नाही, त्यामुळे चाक लटकलेलं असलं तरी चालतं. नटात स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून आडवी घालायची पिन, घालायची असेल आणि भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे कसून भोक जुळवायचं, मागे सैल करून कधीच नाही. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. खाचेची पद्धत असेल तर दांडी पूर्ण आत गेली आहे आणि बोल्ट खाचेतूनच गेला आहे, हे डोळ्याने बघावं.

आता ती शेवटची पाच मिनिटं. चाक लावायचं, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढचं टोक दोन-तीनदा दाबून सोडायचं म्हणजे सस्पेंशन आपल्या नेहमीच्या उंचीवर बसतं. मग गाडीखाली जाऊन आतले बोल्ट पूर्ण कसायचे. गॅरेजात गाडीखाली उतरायचा खड्डा किंवा रॅम्प असेल तर हे सहज होतं. नसेल तर दुसरा मार्ग आहे: गाडी घोडीवरच ठेवून जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ लावायचा आणि चेसिस घोडीवरून उचललं जाईल न जाईल एवढं हळूहळू वर घ्यायचं. त्या बाजूचं वजन आता आर्मवर आलं, कोन जवळपास तोच झाला, आता बोल्ट आवळा. काही आर्ममध्ये मागचा बुश उभ्या बोल्टावर असतो, त्याला हा पीळ तितका बसत नाही, पण सगळे बोल्ट शेवटी कसण्यात नुकसान काहीच नाही.

किती कसायचं? याला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. ढिला राहिला तर आतली नळी ब्रॅकेटमध्ये फिरते आणि भोक मोठं करते. फार कसला तर बोल्ट ताणला जातो किंवा ब्रॅकेट वाकतं. टॉर्क रेंच नावाचा मोजमापाचा पाना आता छोट्या गॅरेजांतही दिसतो. तो वापरा असं मेकॅनिकला सांगण्यात कसलाही अपमान नाही.

‘इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’

ही हरकत मी गॅरेजात ऐकली आहे आणि ती मनापासून घेतलेली असते. लटकलेल्या अवस्थेत कसलेला आर्म पहिल्या दिवशी उत्तम चालतो. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं. बुश फाटतो तो कित्येक महिन्यांनी, आणि तोवर गाडी खड्ड्यांतून इतकी फिरलेली असते की दोष रस्त्याला किंवा पार्टला देणं स्वाभाविक वाटतं. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर असलं की अनुभव शिकवत नाही. म्हणून इथे रबराचं गणित कामी येतं.

आणखी एक सवय याच जातीची. बुश करकरायला लागला की त्यावर इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडायचं. आवाज दोन दिवस थांबतो. पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं, म्हणजे उरलेलं आयुष्यही कमी होतं. पॉलीयुरेथेनचे बुश मिळतात ते वेगळे. त्यांत आतली नळी फिरते, म्हणून त्यांना ठरावीक ग्रीस लागतं आणि पिळाचा प्रश्न येत नाही. मात्र ते कडक असतात, रस्त्याचे धक्के जास्त जाणवतात. शाळेच्या व्हॅनला मी ते सुचवणार नाही.

फक्त बुश बदलून चालेल का?

बॉल जॉइंट घट्ट असेल, आर्म सरळ असेल आणि त्या गाडीचा बुश सुटा मिळत असेल, तर चालतं. पण बुश प्रेसवर दाबून काढायचा आणि दाबून बसवायचा असतो. हातोडा आणि सॉकेट घेऊन ठोकला तर बाहेरची नळी चेपते, आर्मचं भोक अंडाकृती होतं. मजुरी, प्रेसवाल्याचे पैसे आणि गाडी उभी राहिल्याचं नुकसान धरलं तर पूर्ण आर्म बदलणं बऱ्याचदा परवडतं.

वाकलेला आर्म तापवून सरळ करणं किंवा चिरलेला वेल्डिंग करणं, याला माझा सरळ नकार आहे. तापवल्याने पोलादाची ताकद बदलते आणि ती किती उरली हे बाहेरून कळत नाही.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का? एक आर्म दगडावर आपटून वाकला असेल तर फक्त तोच बदला. पण झीज म्हणून एक गेला असेल तर दुसरा त्याच रस्त्यावरून, तेवढाच फिरला आहे. त्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्या आणि बुशला चिरा दिसल्या तर तोही बदला. एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला ढिला बुश असला की ब्रेक मारताना गाडी ओढते.

अलाइनमेंट खरंच लागतं का?

लागतं, आणि त्याच आठवड्यात. चाकं वरून बघितल्यावर समांतर आहेत की आत-बाहेर वळलेली, याला टो म्हणतात. चाक समोरून बघताना किती कललंय, तो कॅम्बर. आर्म बदलल्यावर दोन्हींत फरक पडू शकतो.

समजा १३ इंची रिमवर, म्हणजे सुमारे ३३ सेंटीमीटर अंतरात, एक चाक ३ मिलिमीटरने आत वळलं आहे. डोळ्याला हे दिसणारही नाही. पण दर किलोमीटरला ते चाक ९ मीटर आडवं घासलं जातं. रोज ६० किलोमीटर फिरणारी व्हॅन असेल तर रोज अर्ध्या किलोमीटरहून जास्त. टायरची कड का खाल्ली जाते, ते इथे कळतं.

छोट्या गाड्यांत बहुधा फक्त टो जुळवता येतो, तो टाय रॉडवरून. कॅम्बर नव्या आर्मनंतरही चुकीचा येत असेल तर मशीनवाल्याला ‘जमवून द्या’ म्हणू नका. त्याचा अर्थ दुसरं काही वाकलं आहे: स्ट्रट, नकल किंवा चेसिसचा ब्रॅकेट. ते शोधायलाच हवं.

घरी करता येईल?

ज्याच्याकडे घोडी, टॉर्क रेंच आणि आपल्या गाडीचं मॅन्युअल आहे, ज्याने याआधी ब्रेक आणि स्टिअरिंगची कामं केली आहेत, त्याने एका जाणत्या माणसाला सोबत घेऊन जरूर करावं. बाकीच्यांनी हे काम गॅरेजात द्यावं आणि तिथे उभं राहून तीन गोष्टी विचाराव्यात. आतले बोल्ट गाडीचं वजन आल्यावर कसणार ना? स्प्लिट पिन नवी घालणार ना? टॉर्क किती देणार? चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

बिलावर आर्मचा ब्रँड आणि कोणत्या बाजूचा बदलला ते लिहून घ्या, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही. पाचशे-हजार किलोमीटरनंतर एकदा गाडी उचलून बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली नाही ना, बुशचं रबर एका बाजूला ताणलेलं दिसत नाही ना, हे टॉर्चने बघून घ्या. कसल्यानंतर मेकॅनिकने नट आणि ब्रॅकेट यांच्यावर रंगाची एक रेघ ओढली असेल तर बोल्ट सैल झाला का हे पाना न लावताही कळतं: रेघ तुटलेली दिसली की गाडी परत गॅरेजात न्यायची.